दार लावण्याआधीची हाक

काम तसं अगदी साधं होतं. काचेच्या पट्ट्या आणायच्या होत्या. फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानातून बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशा सहा पट्ट्या कापून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि मी आणि ओळंबा गप्पा मारत जुन्या दरवाजाकडे निघालो. हसू नकोस गं, ओळंबा हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. तो गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हा माणूस आयुष्यभर तसाच नाकासमोर चालला, म्हणून ते नाव चिकटलं. मी सरकारी कार्यालयात जुन्या इमारतींचे नकाशे काढायचो, तो त्या इमारती सावरायचा. तीस वर्षांची दोस्ती आमची. आता सांगतोय ते त्याच्या बाबतीत घडलं, तीन वर्षांपूर्वी. निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं निम्मं त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि त्या माणसाला खोटं बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

जुन्या तटाचा तो दरवाजा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. क्लासला जाताना त्याच्याच कमानीखालून जाता. मान वर करून कधी बघितलंय? नाही. मोबाइलमधून डोकं निघेल तेव्हा ना. नऊ फूट जाडीची भिंत आहे ती. दोन प्रचंड फळ्या, त्यांच्यामागे आडवा घालायचा अडसर, माझ्या मांडीएवढा जाड. उजव्या फळीत एक छोटं दार, एका माणसाने वाकून जायचं, त्याला दिंडी म्हणतात. आणि दरवाजाच्या पोटात पहारेकऱ्याची खोली, देवडी. आतल्या जुन्या वस्तीत रात्री ट्रक घुसू नयेत म्हणून तो दरवाजा अजूनही दहाला लावतात आणि पाचला उघडतात. उशिरा आलेल्याने अर्धा मैल फिरून, तट पाडून काढलेल्या रस्त्याने आत यायचं.

त्या वेळी पहारेकरी होता ओळंब्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बोलका, उत्साही, जरा बडबड्याच. बायको आणि दीड वर्षाचं लेकरू घेऊन देवडीत राहायचा. देवडी म्हणजे ओल. भिंतीला हात लावला की हात ओला. लेकराचा खोकला काही जाईना. कार्यालयाकडे त्याने तीनदा अर्ज केला, मला बाहेर दोन खोल्या द्या. साहेबांनी तिन्ही अर्ज वाचले, म्हणजे त्यांच्यावर चहाचा कप ठेवला.

या मेहुण्याची एक सवय होती. दहाला दार लावण्याआधी तो बाहेर तीन पावलं जायचा आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारायचा, "कोणी राहिलंय का?" मग मनात शंभर आकडे मोजायचा. मगच फळ्या लोटायचा. समोरचा टायरवाला त्याची नक्कल करायचा, बसथांब्यावरची पोरं हसायची. पण याने एक रात्र चुकवली नाही.

मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, "आधीच्या पहारेकऱ्याने चाव्या देताना बजावलंय. फार जुनी गोष्ट. एका रात्री दार लवकर लावलं. आपलीच माणसं बाहेर राहिली. दार ठोठावलं, आपापली नावं सांगितली. पण आतल्यांना संशय आला, की हे शत्रूचे लोक आहेत, आवाज बदलून बोलतायत. नाही उघडलं. सकाळी उघडलं तर बाहेर कोणी नाही. एक चप्पलसुद्धा नाही. तेव्हापासून विचारून लावायचं."

मी म्हटलं, छान आहे. ओळंबा म्हणाला, "रिकाम्या डोक्याचे उद्योग."

आता त्या पट्ट्यांचं सांगतो. कमानीच्या डाव्या बाजूला, आतून, डोक्याएवढ्या उंचीवर भिंतीला एक फट पडली होती. पोस्टकार्ड उभं जाईल एवढीच. अशा वेळी फटीवर आडवी काचेची पट्टी लावतात, दोन्ही टोकांना प्लॅस्टर आणि काचेवर तारीख. भिंत सरकत असेल तर काच तडकते. नसेल तर तशीच राहते. आम्ही तिला साक्षीदार म्हणायचो. आम्ही फटीत सायकलच्या ब्रेकची तारही घालून बघितली. दीड हात आत गेली आणि खट्‌कन दगडाला लागली. म्हणजे फट आरपार नव्हती. हे लक्षात ठेवा.

पहिली पट्टी दोन आठवडे टिकली. मग एका सकाळी तडकलेली. दुसरी लावली, तीही तिसऱ्या दिवशी तडकली. मग तिसरी. गंमत अशी की फट केसभरही वाढली नव्हती. मी रोज मोजत होतो.

भिंत हलत नाही आणि काच फुटते. मग फोडतंय कोण?

आणि इथे... इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी सहज बोलून गेलो. आधीच्या तीन फुटल्या म्हणून त्या नव्या सहा पट्ट्या घेऊन येताना, त्याच दिवशी. म्हटलं, "ओळंब्या, कमान धोकादायक ठरली तर देवडी रिकामी करावी लागेल. मग तुझ्या मेहुण्याला बाहेर घर द्यावंच लागेल. तीन अर्जांनी झालं नाही ते तीन काचांनी होईल." मी हसत म्हणालो. तो हसला नाही. त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती मीच सोडली होती.

शुक्रवारी सकाळी साहेबांना अहवाल द्यायचा होता, ओळंब्याच्या सहीने. भिंत सरकते आहे, की काच हाताने फोडली आहे. हाताने फोडली असं लिहिलं, तर फोडणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव लिहिलं की मेहुण्याची नोकरी गेली, डोक्यावरचं छप्पर गेलं, लेकरू उघड्यावर. आणि घरी बायकोला तोंड काय दाखवायचं? दुसरा कोणी असता तर डोळेझाक केली असती. पण हा पडला ओळंबा.

त्याने ठरवलं, एक रात्र मेहुण्याला तिथून हलवायचं. तो नसताना काच फुटली तर तो सुटला. नाही फुटली, तर...

गुरुवार, चोवीस नोव्हेंबर. अमावास्या आदल्या दिवशी होऊन गेलेली. मेहुण्याची बायको लेकराला घेऊन आठवडाभर माहेरी गेली होती. ओळंबा संध्याकाळी देवडीत गेला आणि म्हणाला, "बहीण आठवण काढतेय तुझी. आज आमच्याकडे जेव, तिथेच झोप. पहारा मी देतो." ओळंब्याचं घर तटाच्या बाहेर, चालत वीस मिनिटांवर.

मेहुणा खूश झाला. चाव्या दिल्या. फोन चार्जिंगला लावलेला तसाच ठेवला, टॉर्च तेवढा घेतला. त्याचा तो टॉर्च सगळ्यांना माहीत होता. पत्र्याचा, जुना, बटण सैल झालेलं म्हणून त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. निघताना थांबला.

"दाजी, एकच काम. लावायच्या आधी हाक मारा. आणि शंभर मोजा."

"बरं."

"विसरू नका, दाजी. हसा हवं तर. पण मारा."

एवढा आग्रह कशाला? झालं, ओळंब्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाक म्हणजे खूण! बाहेर कोणीतरी साथीदार आहे. याने हाक मारायची, शंभर आकड्यांत त्याने गुपचूप आत यायचं, वस्तीत दबा धरायचा आणि रात्री काच फोडायची. म्हणून हा नसताना सुद्धा हाक हवी.

त्याने ठरवलं, हाक मारायचीच नाही.

पावणेदहाला त्याने फटीवर नवी पट्टी लावली, तारीख घातली. झटपट सुकणारं प्लॅस्टर होतं. दहाला पाच कमी असतानाच फळ्या लोटल्या, अडसर सरकवला, दिंडीला कुलूप घातलं आणि दिंडीच्या फटीवरही एक पट्टी चिकटवली. कोणी दिंडी नुसती हलवली तरी कळावं म्हणून. किल्ली खिशात. खुर्ची टाकून काचेसमोर बसला. मनात म्हणाला, आता या.

दहा वाजून चार मिनिटांनी दिंडीवर टकटक झाली.

ओळंबा गालात हसला. आला साथीदार.

"दाजी! मी आहे. उघडा."

मेहुण्याचा आवाज. दम लागलेला.

ओळंब्याचं हसू गेलं. त्याला वाईट वाटलं, मला त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे साथीदार कोणी नाहीच. हाच. झोपायला पाठवलेला माणूस वीस मिनिटं चालत परत कशाला येईल? काच फोडायलाच ना?

तो बोलला नाही. बघू या, म्हणाला, काय काय नाटक करतो.

"दाजी, हाक मारलीत का?"

गप्प.

"जेवताना मनाला लागून राहिलं. तुम्ही मारणार नाही असंच वाटलं मला. दाजी, मारली नसेल तर आता मारा. आतूनच मारा. चालेल."

गप्प.

"तुम्ही आत आहात ते मला माहीत आहे. खुर्ची वाजली."

ओळंब्याने हालचाल बंद केली. खुर्चीचा हात घट्ट धरला. बाहेरून टॉर्चचा उजेड दिंडीच्या खालून आत येत होता. हलत होता.

मग उजेड हलायचा थांबला.

"दाजी... इथे कोणीतरी उभं आहे."

आवाज बदलला होता. हळू. शेजारी कोणी झोपलेलं असावं तसा.

"टायरवाला नाही. त्याचं दुकान बंद आहे. ...दाजी, एक नाही. बरेच आहेत."

ओळंबा उठला. खरंच उठला. हात खिशात गेला, किल्लीवर. आणि मनातला तो आवाज बोलला, बघ, कसा उघडायला लावतो तुला.

तो परत बसला.

"हे लोक काही बोलत नाहीत, दाजी. नुसते दाराकडे बघतायत."

...

"मला पण इथून हलता येत नाहीये."

...

मग बाहेर शेवटची बस थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, मिटलं, बस निघून गेली. दिंडीखालचा उजेड गेला. ओळंब्याने सुटकेचा श्वास टाकला. गेला बसने. उद्या बघतो त्याच्याकडे.

घड्याळात दहा वाजून एकोणीस मिनिटं.

अकरा वाजले. साडेअकरा. वस्तीतले दिवे एकेक करून मालवले. कमानीखाली एकच बल्ब. ओळंबा डोळ्यांत तेल घालून काचेकडे बघत होता. आणि त्याला वाटलं, काच जरा जास्त चमकतेय.

त्याने बल्ब बंद केला.

काच चमकतच होती.

उजेड फटीतून येत होता. आतून. भिंतीच्या आतून.

पिवळा. बारीक. जरा खाली... जरा वर. टॉर्च हातात धरून कोणी चाचपडत यावं तसा. ओळंबा स्वतःला म्हणाला, बाहेरून कोणी बॅटरी मारतंय. पण नऊ फूट भिंत. तार दीड हातावर थांबली होती. त्याने स्वतःच घातली होती ती.

उजेड काचेच्या अगदी मागे आला.

थांबला.

टण्‌...

काच तडकली. त्याच्या डोळ्यांदेखत. जवळ कोणी नाही.

त्याने बायकोला फोन लावला. अकरा वाजून बेचाळीस.

"तो... झोपलाय का?"

"कोण? तो कधीचाच गेला की," वहिनी झोपेत म्हणाल्या. "पावणेदहाला. जेवण अर्धवट टाकून उठला. म्हणाला, दाजी एकटे आहेत, हाक मारणार नाहीत, मी तेवढं करून येतो. का हो? पोचला नाही?"

ओळंबा धावला. कुलूप निघेना. निघालं. दिंडीवरची पट्टी त्याच्याच हाताने तुटली, तोवर ती शाबूत होती. वाकून बाहेर पडला.

रस्ता रिकामा. थांबा रिकामा. दिव्याखाली कोणी नाही.

मग त्याने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "कोणी राहिलंय का?" शंभर आकडे मोजले. मोठ्याने. पुन्हा हाक मारली, या वेळी मेहुण्याचं नाव घेऊन. पुन्हा शंभर.

काही नाही.

आत आला तर फटीतला उजेड अजून होता. मंद झालेला. त्याने फटीला तोंड लावलं. "अरे, मी आहे. दाजी. ऐकतोयस का?"

उजेड एकदा हलला. डावीकडून उजवीकडे. मग तिथेच राहिला. हळूहळू लालसर झाला. आणखी लाल. आणि गेला.

सकाळी सहाला मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. अहवालाचा दिवस ना. ओळंबा छिन्नी आणि हातोडा घेऊन भिंत फोडत होता. रात्रभर फोडत होता. बोटांची सालं निघालेली. टवका उडायच्या पलीकडे त्या चुन्याला काही झालं नव्हतं. मला बघून म्हणाला, "आत आहे तो. हात लाव." मी काय केलं माहीत आहे? मी त्याला ओढून बाजूला घेतलं. म्हटलं, शुद्धीवर ये, तार दीड हातावर थांबते, आत भरीव दगड आहे. आणि जुन्या वास्तूला परवानगीशिवाय छिन्नी लावलीस तर तुरुंगात जाशील. मी नियम सांगितला त्याला. त्याने हातोडा खाली ठेवला. नाकासमोर चालणारा माणूस.

पोलिस आले. टायरवाल्याच्या कॅमेऱ्यात दिसलं, मेहुणा दहा वाजून चार मिनिटांनी आला, दिंडीसमोर उभा राहिला, दाराशी बोलत राहिला. मध्येच मान वळवून शेजारी बघितलं. शेजारी कोणी नव्हतं. मग बस आडवी आली. बस गेली तेव्हा दिंडीसमोर कोणी नाही. पोलिस म्हणाले, बसमध्ये चढला, घराला कंटाळला असेल. ड्रायव्हर म्हणाला, दार उघडलं, पण कोणी चढलं नाही. तू विचारणार होतीस ना, अर्धा मैल फिरून आत का नाही आला? पोलिसांनीही तेच विचारलं. त्याला तिथून हलता येत नव्हतं, हे कोणाला सांगणार?

तो काही परत आला नाही. साहेबांना दया आली, त्याच्या बायकोला बाहेर दोन खोल्या दिल्या. उन्हाच्या. लेकराचा खोकला गेला. ज्या घरासाठी तो काचा फोडतो असं मी म्हणालो होतो, तेच घर. मी तिथे अजून एकदाही गेलेलो नाही. जाववत नाही.

परवानगी यायला चार महिने लागले. मार्चमध्ये रीतसर दगड काढले. मी वही घेऊन उभा होतो, ओळंबा स्वतः काढत होता. बाहेरचा थर निघाला. मग चुना, लोखंडासारखा, कित्येक शतकांचा, कुठे हात लागल्याची खूण नाही. दीड हातावर तो दगड लागला, तार अडली होती तो. ओळंब्याने तो सरकवला. मागे एक पोकळी होती. केवढी? ही बघा, एवढी. दोन ओंजळींची.

त्यात टॉर्च होता. पत्र्याचा. लाल चिकटपट्टी गुंडाळलेला.

वहीत मी ते लिहिलं नाही. साहेब चहा प्यायला गेले होते. ओळंब्याने तो शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या घरात ठेवण्यासारखा नव्हता. वहिनींनी बघितला असता.

ओळंब्याने तेव्हापासून पहारेकऱ्याची नोकरी धरलीय. गवंडीकाम सोडलं. काच पुन्हा कधी तडकली नाही. तरी रोज रात्री दहाला तो तीन पावलं बाहेर जाऊन हाक मारतो आणि शंभर मोजतो. आठवड्यात सहा दिवस तो. गुरुवारी मी. मामा दर गुरुवारी जेवण झाल्यावर कुठे फिरायला जातो, म्हणून तुम्ही सगळे चिडवता ना? तिथे जातो.

साडेनऊ झाले. माझी चप्पल बघ रे कुठे आहे.

काय? टॉर्च? माझ्याच कपाटात आहे, खालच्या खणात. हात लावू नका. सेल केव्हाच संपलेत, भिंतीतून निघाला तेव्हाच संपलेले होते. पण बटण पुढे सरकवलेलं आहे, त्याने ठेवलं होतं तसं. चालू. ते मागे घ्यायचा धीर ना ओळंब्याला झाला, ना मला.